एल्विस प्रेस्ली: नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

एल्विस प्रेस्ली (८ जानेवारी १९३५ – १६ ऑगस्ट १९७७) हा अमेरिकन गायक, रॉक अँड रोलचा राजा. आपल्याकडे बहुतेकांना आधी त्याचा फोटोच माहीत असतो, पांढरा चमचमता सूट, जाड कल्ले, आणि तिथेच घोळ होतो कारण तो शेवटच्या काही वर्षांतला एल्विस आहे. ऐकायला सुरुवात करायची तर १९५४ पासून करा.

जन्म मिसिसिपीतल्या टुपेलोचा, दोन खोल्यांचं घर, जुळा भाऊ जन्मतःच गेलेला. १९४८ मध्ये घरचे मेम्फिसला आले. चर्चमधलं गॉस्पेल, कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि रेडिओवरचं कंट्री (गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचं संगीत), तिन्ही ऐकत मोठा झाला आणि त्याच्या गळ्यात ती अशी मिसळली की वेगळी काढताच येत नाहीत. शाळा संपल्यावर ट्रक चालवायचा.

५ जुलै १९५४ ची रात्र, मेम्फिसमधला, निर्माता सॅम फिलिप्सचा सन स्टुडिओ, एल्विस १९ वर्षांचा, गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर (माणसाएवढं उंच तंतुवाद्य) बिल ब्लॅक. संथ गाणी करून बघितली, काही जमेना, मग ब्रेकमध्ये एल्विस गंमत म्हणून 'दॅट्स ऑल राइट' गायला लागला, बाकी दोघंही त्यात घुसले, आतून सॅमने विचारलं हे काय चाललंय, आणि लगेच परत पहिल्यापासून वाजवायला लावलं. हे हेडफोन लावून ऐका. ड्रम नाहीतच! जो टकटक ठेका येतो तो बिल बासच्या तारा ओढून आपटतो त्याचा. सनच्या गाण्यांत आवाजामागोमाग त्याचीच सावली येते ना, ती सॅमची करामत, दुसऱ्या टेप मशीनवरून तोच आवाज क्षणभर उशिरा मिसळायचा.

'दॅट्स ऑल राइट' मूळ ब्लूज गायक आर्थर क्रडपचं, १९४६ मधलं, आणि त्याला त्याचे हक्काचे पैसे कधी नीट मिळाले नाहीत. फॅन म्हणवणाऱ्याने मूळ रेकॉर्ड ऐकायलाच हवं. 'हाउंड डॉग' पण आधी ब्लूज गायिका बिग मामा थॉर्नटनचं ऐका, मग एल्विसचं.

१९५५ च्या शेवटी आरसीए कंपनीने त्याला घेतलं, १९५६ मध्ये 'हार्टब्रेक हॉटेल' आलं आणि अमेरिका हलली. कंबर हलवण्यावरून इतका गदारोळ की जानेवारी १९५७ मध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही शोने त्याला फक्त कंबरेच्या वर दाखवलं. मग दोन वर्षं लष्करात, मग ढिगाने सिनेमे, त्यातली गाणी बरीचशी सुमार, पटकन पुढे जा. फक्त 'फन इन अकापुल्को'मधलं 'मार्गरीटा' ऐका, 'कौन है जो सपनों में आया'ची चाल कुठून आली ते पहिल्या ओळीतच कळेल.

१९६८ चा टीव्ही कार्यक्रम मात्र पूर्ण बघा. सात वर्षं प्रेक्षकांसमोर गायला नव्हता, काळं लेदर, छोटासा चौकोनी स्टेज, शेजारी तोच स्कॉटी मूर, त्याचा जुना ड्रमर डी. जे. फोंटाना गिटारच्या पेटीवर ठेका धरतोय, आणि एल्विस घामाने निथळत, हसत, जीव तोडून गातोय. पुढच्याच वर्षी मेम्फिसमध्ये 'सस्पिशस माइंड्स' रेकॉर्ड झालं, ज्यात शेवटी आवाज विरत जातो, गाणं संपलं वाटतं आणि परत उसळून वर येतो.

शेवटचा कार्यक्रम २६ जून १९७७, इंडियानापोलिस. दोन महिन्यांच्या आतच मेम्फिसच्या ग्रेसलँड या राहत्या घरी गेला, वय ४२. त्याची कबरही आता तिथेच आहे, आईच्या जवळ.

आणि गॉस्पेल चुकवू नका, 'हाउ ग्रेट दाऊ आर्ट'पासून सुरू करा. स्पर्धेतले तीन ग्रॅमी मिळाले त्याला, तिन्ही गॉस्पेलसाठी, रॉक अँड रोलसाठी एकही नाही.