‘डूलॅली’ आणि आपली देवळाली

इंग्लंडमध्ये एखाद्याचं डोकं फिरलंय असं सांगायचं असेल तर ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणतात. विसरभोळ्या आजीबद्दल म्हणतात, तसंच मनाला येईल तसं चालणाऱ्या यंत्राबद्दलही. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना कल्पना नसते की हे एका गावाचं नाव आहे आणि ते गाव नाशिकला लागून आहे. देवळाली! ‘ळ’ इंग्रज जिभेला जमला नाही. कागदोपत्री ‘देओलाली’ झालं आणि सोल्जरांच्या तोंडी ‘डूलॅली’.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातली गोरी फौज वाढवण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती साधारण ६० ते ७० हजारांच्या घरात असे. त्यात १८७० च्या कायद्याने पलटणीतल्या नोकरीची मुदत कमी केली. म्हणजे दरवर्षी मुदत संपलेल्यांना परत पाठवायचं आणि त्यांच्या जागी नवे आणायचे. हा सगळा राबता मुंबई बंदरातून. एवढी माणसं मुंबईत ठेवणं सोयीचं नव्हतं. देवळालीची हवा थंड, माळरान मोकळं आणि थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे १८६५ मध्येच पोचलेली. तिथली छावणी १८६० च्या दशकात उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फौजेचा तळ बनली.

खरी गोम जहाजांच्या वेळापत्रकात होती. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि अरबी समुद्रातला पावसाळा टाळण्यासाठी फौजेची जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. शेवटचं जहाज चुकलं की पुढच्या मोसमापर्यंत बसून राहायचं. नोकरी संपलेली, बंदुका जमा केलेल्या, कवायत नावापुरती, घर समुद्रापलीकडे. वैशाखातलं ऊन आणि पुढे नाशिककडचा पाऊस बघत दिवस ढकलायचे.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने हे लिहून ठेवलं आहे. वेल्सकडच्या कोळशाच्या खाणीत काम केलेला हा माणूस रॉयल वेल्श फ्युजिलियर्समध्ये भरती झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. १९३६ साली आलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या त्याच्या आठवणींमध्ये देवळालीचा उल्लेख आहे. तो सांगतो की जहाजाची वाट बघत माणसं तिथे महिनोन्‌महिने पडून असत. एरवी नीट वागलेले शिपाई तिथे भानगडी करून तुरुंगात जात, काही गुप्तरोग ओढवून घेऊन इस्पितळात. रिकामपणाने कंटाळलेली माणसं जी विचित्र वागत, त्यावरूनच हा वाक्प्रचार आला असावा असं त्याचं मत आहे. अधिकाऱ्यांच्या अहवालांपेक्षा मला ही साक्ष जास्त मोलाची वाटते. ती पलटणीच्या आतून आलेली आहे.

रिचर्ड्सच्या काळात वाक्प्रचार पुरा होता: ‘डूलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे आपला ताप. संस्कृतात तोच, फारसीत ‘तप’, हिंदुस्थानी बोलण्यातून सोल्जरांनी उचललेला. देवळालीचा ताप! ‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मलेरियाने फणफणलेला माणूस बरळतो, हे त्या शिपायांनी जवळून पाहिलं होतं, आणि मनाच्या दुखण्यालाही त्यांनी तेच नाव दिलं.

देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. मनोरुग्ण सैनिकांसाठी खास विभाग १८७० मध्ये उघडला तो इंग्लंडात, साउदॅम्प्टनजवळच्या नेटलीच्या लष्करी इस्पितळात. वेड लागलेले शिपाई देवळालीहून पुढे गेले असतीलही, पण ताप चढायचा तो धडधाकट माणसांना, नुसत्या वाट बघण्याने. इस्पितळाची गोष्ट सांगितली की दोष त्या शिपायांच्या डोक्याकडे जातो आणि त्यांना कामाशिवाय महिनोन्‌महिने अडकवून ठेवणारी व्यवस्था नामानिराळी राहते.

घरच्या ओढीनेच आणखी एक शब्द इंग्रजीला दिला. ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, ब्रिटन. मूळ आपलं विलायत, विलायती; उत्तरेकडच्या उच्चारात बिलायती. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात राहून आलेल्या जुन्या शिपायांबरोबर हा शब्द फ्रान्सच्या खंदकांत पोचला. तिथे ‘ब्लायटी वन’ म्हणजे जीव न घेणारी, पण थेट घरी पाठवण्याइतकी मोठी जखम. अशी जखम व्हावी म्हणून तरुण पोरं आस लावून बसायची, यावरून त्या खंदकांची कल्पना यावी.

‘डूलॅली टॅप’ही याच पिढीच्या तोंडून घराघरांत गेला. १९२५ साली निघालेल्या सैनिकी शब्दांच्या एका कोशात तो वेडाच्या अर्थाने नोंदलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात देवळाली पुन्हा गोऱ्या पलटणींनी भरली आणि नव्या पिढीने शब्द उचलला, पण ताप म्हणजे काय हे इंग्लंडात राहणाऱ्यांना कळायचं कारण नव्हतं. हळूहळू तेवढा भाग गळून पडला आणि गावाचं नावच वेडाचं नाव झालं. आज तिथे भारतीय तोफखान्याची शाळा आहे, आणि मुंबईहून नाशिक रोडला जाणारी गाडी त्याआधी ज्या स्टेशनातून जाते त्याच्या पाटीवर ‘ळ’ शाबूत आहे.