फळाची पारख आणि फलाहार

फलाहार : अन्न न शिजवता केवळ किंवा मुख्यतः ताज्या, पिकलेल्या फळांवर राहण्याची आहारपद्धती. ही नोंद तिच्या एका अंगाविषयी आहे : कोणते फळ, कधी आणि किती खावे हे डोळे, नाक, बोटे आणि जीभ यांच्या साक्षीने ठरवणे. ‘कच्चे’ हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. न शिजवलेल्यालाही मराठीत कच्चे म्हणतात आणि न पिकलेल्यालाही; फलाहाराचा संबंध मात्र पिकलेल्या फळाशी आहे. ‘फराळ’ हा शब्द फलाहारावरूनच आला. आज एकादशीच्या फराळात साबुदाणा, वरी, दाणे, बटाटा असतो आणि फळाच्या नावाने एखादे केळे उरते.

बी तयार होईपर्यंत झाड फळाला हिरवे, आंबट, तुरट ठेवते. बी जून झाले की पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ पडतो, रंग फिरतो आणि वास सुटतो. खाणाऱ्याने यावे, गर खावा, बी दूर टाकावी, यासाठीच हे सगळे असते. माणसाच्या शरीराला क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही. ते बाहेरूनच यावे लागते. हिरव्या पानांत लाल-पिवळे फळ ओळखण्याची आपली नजर फळे खाणाऱ्या पूर्वजांकडून आली असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणून ही पारख हा अडाणी समज नव्हे, ते फार जुने ज्ञान आहे.

कोकणात आंबा दाबून बघत नाहीत, देठाशी हुंगतात. खांदे भरून देठ खड्ड्यात गेलेला असला की तो झाडावरच तयार झालेला. मग अढीत घातला की पिकतो. चिकूची साल नखाने किंचित खरवडतात : खाली हिरवे दिसले तर तो अवेळी काढलेला, पिवळसर दिसले तर तयार. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या भेगा पिवळसर झालेल्या असाव्या लागतात. फणस थापटून आवाज ऐकतात. कलिंगडाचा जमिनीला टेकलेला भाग पांढरट नको, पिवळा हवा. संत्र्याच्या बाबतीत मात्र डोळे फसतात. गरम हवेत साल हिरवी राहूनही फोड गोड असते. शिवाय आंबा, केळे, चिकू, पपई ही काढल्यावरही पिकतात. द्राक्ष, संत्रे, डाळिंब, अननस तोडल्यानंतर गोड होत नाहीत. आंबट द्राक्षे घरी आणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

बाजाराने सर्वांत आधी फसवले ते डोळ्यांना. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूने कोवळा आंबाही पिवळाधमक होतो. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसयुक्त अशुद्धी असू शकते, म्हणून भारतात त्याने फळे पिकवण्यास बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात, दहा लाखांत १०० भागांपर्यंत, चालतो. कार्बाइडने पिकवलेला आंबा डोळ्यांना पास होतो, नाकाशी नापास होतो : रंग आहे आणि घमघमाट नाही. हापूसमधला साका, म्हणजे गरातला पांढरट, निबर भाग, मात्र नाकालाही कळत नाही. तो कापल्यावरच दिसतो.

किती खावे, याचेही उत्तर तोंडातच मिळते. अननसाच्या पहिल्या फोडी गोड लागतात; पुढे जीभ चुरचुरू लागते, कारण त्यातले ब्रोमेलेन हे विकर प्रथिने तोडते. तिथे थांबावे. फळ चुरचुरणारे नसले तरी एकच चव खात गेले की तिची गोडी उतरते आणि दुसरी चव हवीशी वाटते. आहारशास्त्रात याला संवेदनविशिष्ट तृप्ती म्हणतात. रस काढून गाळून घेतला की ही खूण पुसट होते : चार संत्री सोलून खाताना मन भरते, चार संत्र्यांचा पेला एका दमात संपतो.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या १५ बाळांना ३४ साध्या पदार्थांतून हवे ते निवडू दिले आणि १९३९ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रत्येक बाळाचा आहार वेगळा होता, आणि सगळी धष्टपुष्ट झाली. मुडदूस झालेले एक बाळ बरे होईपर्यंत स्वतःहून कॉड माशाचे तेल घेत राहिले. पण बाईंनी स्वतःच सांगून ठेवले की समोर मिठाई किंवा कारखान्यातले खाद्य नव्हतेच. आणि ताटात फळांबरोबर दूध, मांस, अंडी, धान्यही होते, हे फलाहाराच्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये.

मोठी गफलत इथेच होते. युरोपात १९६० च्या दशकात पुढे आलेल्या ‘ॲन्स्टँक्टोथेरपी’ने वास आणि चव हीच आहाराची कसोटी मानली. ‘तीस दिवस फक्त केळी’ असे आजचे फॅड तर जिभेचे काहीच ऐकत नाही. चार दिवस गोड खाल्ल्यावर जीभ मीठ मागते, भाकरी-आमटी मागते. ती मागणीही निसर्गाचीच आहे. फळांच्या बाबतीत जिच्यावर भरवसा ठेवला त्याच जिभेने हे मागितले की तिला दुबळी ठरवणे अन्यायाचे आहे. फळांत ब१२ जीवनसत्त्व नसते, प्रथिने फार थोडी असतात. ब१२ ची उणीव जाणवायला वर्षे लागतात. मग जीभच लाल, गुळगुळीत होते.

जिभेची साक्ष सगळीकडे पुरत नाही. कमरख चवीला छान, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्यातले विष घातक ठरते. बिहारमधील मुझफ्फरपूर भागात लिचीच्या हंगामात मुले दगावत होती. २०१४ मधील तपासात दिसले की रात्री न जेवलेल्या मुलांच्या शरीरातली साखर लिचीतल्या विषारी घटकांमुळे एकदम खाली जाते. त्या मुलांना लिची गोडच लागली होती. त्यांच्या पोटात रात्रीची भाकरी नव्हती.

भारतात फलाहाराचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग महात्मा गांधींनी केला. दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये दूध न घेण्याची शपथ घेऊन ते केळी, खजूर, भुईमूग, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यांवर राहू लागले. १९१४ मध्ये लंडनमध्ये त्यांना फुप्फुसावरणाचा दाह झाला, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी डॉक्टरांचे ऐकून आहार बदला, असा आग्रह धरला. गांधींनी एक रात्र विचार केला आणि दूध नाकारले. १९१८ मध्ये आमांशाने ते मरणाच्या दारी गेले. पुढे मुंबईत उपचार चालू असताना कस्तुरबांनी सुचवले की शपथ गाई-म्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या नव्हे. ते त्यांनी मानले, मनाला टोचत असतानाही, आणि पुढे फळांबरोबर शेळीचे दूध त्यांच्या रोजच्या आहारात राहिले.