लवकर म्हणजे किती लवकर?

सोलापुरात एसटी स्टँडच्या आसपासच्या मुतारीत चिकटवलेली पत्रकं पाहिली की वाटतं, पुरुषजातीला एकच आजार आहे. 'मर्दानी कमजोरी, शीघ्रपतन, खात्रीशीर इलाज', खाली मोबाईल नंबर. वाचणारा इकडेतिकडे बघतो आणि नंबर पाठ करून निघतो. फारच झालं तर मेडिकलवाल्याला विचारतो, तेही दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना: "लवकर होतंय."

लवकर म्हणजे किती, हे मात्र ना तो सांगतो, ना कोणी त्याला विचारतं.

विज्ञानाने ते मोजलंय. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या सुमारे ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच दिलं होतं. योनिप्रवेशापासून वीर्यस्खलनापर्यंतचा वेळ मोजायचा. निम्म्या पुरुषांचा वेळ ५.४ मिनिटांच्या आतच निघाला. सगळ्यात कमी सुमारे अर्धा मिनिट, सगळ्यात जास्त ४४ मिनिटं. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ज्याने 'अर्धा तास' हे माप मनात धरलंय, त्याला पाच मिनिटं म्हणजे आजारच वाटणार. त्या व्हिडिओंत कात्री किती वेळा चालते, हे पडद्यावर दिसत नाही.

मग आजार कशाला म्हणायचं? डॉक्टर तीन गोष्टी एकत्र बघतात. पहिल्या संबंधापासूनच जवळजवळ दरवेळी साधारण मिनिटभरात स्खलन होणं, किंवा आधी ठीक असलेला वेळ घसरून तीन मिनिटांच्या आसपास किंवा त्याखाली येणं. ते लांबवता न येणं. आणि त्यापायी मनस्ताप होणं, संबंधच टाळावेसे वाटणं. लग्नानंतरच्या पहिल्या काही दिवसांत किंवा बऱ्याच दिवसांच्या विरहानंतर घाई झाली, तर त्याला कोणी आजार म्हणत नाही.

स्खलनाचा झटका कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूतून सुटतो आणि त्यावर मेंदूचा लगाम असतो. या लगामात सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा मोठा वाटा आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्या सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात. त्या घेणाऱ्यांना स्खलनाला उशीर होऊ लागला, तेव्हा हा दुष्परिणामच इथे औषध ठरला. डॅपॉक्सेटिन ही त्याच जातीची, पण शरीरातून लवकर निघून जाणारी गोळी. संबंधाआधी एक ते तीन तास घ्यायची. तिने चक्कर येऊ शकते, क्वचित शुद्धही हरपते. हृदयविकार असणाऱ्याने किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने ती मनाने घेऊ नये. बधिर करणारे स्प्रे आणि मलमंही उपयोगी पडतात, फक्त आधी पुसून घ्यावं किंवा कंडोम वापरावा, नाहीतर बायकोलाही बधिरपणा येतो. 'थांबा, पुन्हा सुरू करा' हा सराव जेम्स सेमन्स यांनी १९५६ मध्ये मांडला. त्याला खर्च नाही, पण चिकाटी लागते आणि बायकोची साथही.

आधी ठीक होतं आणि आता बिघडलंय, अशांनी कारण शोधलंच पाहिजे. थायरॉईड वाढलेलं असतं, प्रोस्टेटला सूज असते. पुष्कळदा ताठरता टिकत नाही म्हणून माणूस स्वतःच घाई करतो, आणि ताठरतेच्या त्या तक्रारीमागे मधुमेह किंवा रक्तदाब निघू शकतो. तिथे इलाज मूळ दुखण्यावर करावा लागतो.

आणि ती 'धातू जातो, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब' ही गोष्ट? वीर्य रक्त आटवून होत नाही. त्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, आणि तो पुन्हा तयार होत राहतो. भीती मात्र खरी असते, पुड्या तिच्यावरच खपतात. 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या अशा औषधांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं अनेक देशांत सापडलंय. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने तशी पुडी घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

सिव्हिलच्या खिडकीवर केसपेपर काढताना मागे रांग असते. तिथे 'लघवीची तक्रार' म्हटलं तरी चालेल. आत डॉक्टरसमोर बसल्यावर मात्र खरं काय ते सांगावं, मिनिटांसकट.