‘नोटा’ला जास्त मतं पडली की निवडणूक रद्द होते?

नाही, होत नाही. ‘नोटा’ म्हणजे मतदान यंत्रावरचा ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय. ‘नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक होते आणि हरलेल्या उमेदवारांना पुन्हा उभं राहता येत नाही’ हा मेसेज प्रत्येक निवडणुकीत नव्याने फिरतो. लोकसभा आणि विधानसभेसाठी असा नियमच नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या निकालानंतर मतदान यंत्रावर सगळ्या उमेदवारांच्या खाली ‘नोटा’चं बटण आलं. त्या मतांची मोजणी होते, आकडाही जाहीर होतो. पण ती वैध मतांत धरत नाहीत. शंभर मतांपैकी नोटाला 99 पडली, तरी उरलेल्या एका मताचा धनी निवडून येतो. 2019च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

मेसेजला थोडा आधार महाराष्ट्रात आहे. राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा आदेश काढला. पण तिथेही जुन्या उमेदवारांना बंदी नाही.

नोटा दाबू नका असं मी म्हणत नाही. निषेध नोंदवायचा तर जरूर नोंदवा, फक्त निकाल त्याने उलटेल या भरवशावर राहू नका. 2024च्या लोकसभेत मुंबई वायव्यचा फैसला अवघ्या 48 मतांनी झाला. एका इमारतीतही त्याहून जास्त मतदार असतात.

आणि सतरा वर्षं पूर्ण झाली असतील तर नमुना 6, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आत्ताच भरता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर नाव यादीत येतं. वय मोजायला आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांची एक तारीख धरतात.