पोझिशन कोच वेगळा, कोऑर्डिनेटर वेगळा

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, २०१९ च्या हंगामात पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेती ठरली. त्या संघाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जो ब्रेडी तेव्हा त्यांचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता ना!’ नव्हता. ऑफेन्स, म्हणजे चढाई, सांभाळणारे कोऑर्डिनेटर होते स्टीव्ह एन्समिंगर. ब्रेडी वाइड रिसीव्हर्सचा, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचा, कोच होता आणि त्याच्याकडे ‘पासिंग गेम कोऑर्डिनेटर’ असं पद होतं. ही चूक मी इतक्यांदा वाचली आहे की एकदा नीट लिहायलाच हवं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये असिस्टंट कोचची कारकीर्द कुठवर पोचते, हे बहुतेक वेळा याच फरकावर ठरतं.

पोझिशन कोच समजायला सोपा आहे. क्रिकेटमधला बॅटिंग कोच, बोलिंग कोच डोळ्यांसमोर आणा. इथे क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, एक, रनिंग बॅकचा एक, ऑफेन्सिव्ह लाइनचा एक, लाइनबॅकरचा एक, अशी वाटणी असते. आपल्या गटाला घेऊन सामन्यांची फिल्म बघायची, पावलं कशी पडतात, हात कुठे लागतात हे घोटून घ्यायचं. जोडीला हायस्कूलची पोरं हेरून, त्यांच्या आईवडिलांना भेटून त्यांना कॉलेजकडे वळवायचं. कष्ट प्रचंड, पण काम कळायला अवघड नाही.

घोटाळा होतो तो कोऑर्डिनेटरपाशी. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला वाटतं, हा म्हणजे जरा वरच्या दर्जाचा बॅटिंग कोच. पण क्रिकेटमध्ये कोचचं काम सीमारेषेच्या बाहेर. पुढची ओव्हर कुणाला द्यायची, स्लिप ठेवायची की काढायची, हे मैदानावरचा कॅप्टन ठरवतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो अधिकार कोचिंग स्टाफकडे असतो आणि बहुतेक संघांत कोऑर्डिनेटर तो वापरतो. प्रत्येक वेळी कोणता प्ले, म्हणजे कोणती आखलेली चाल, खेळायची हे तो सांगतो.

हे किती वेगात चालतं ते बघा. एक प्ले संपला की सहसा ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात किती यार्ड हवेत, चेंडू कुठे आहे, समोरच्यांनी कोणते खेळाडू आत आणलेत हे बघून हातातल्या कॉल शीटवरून एक प्ले निवडायचा आणि मैदानात पोचवायचा. २०२४ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये हेल्मेटमधून बोलायची सोय आली. मैदानावरच्या एकाच खेळाडूला आवाज ऐकू येतो, त्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाजही बंद. म्हणजे निवडून सांगायला जेमतेम २५ सेकंद. सामनाभर हेच चालतं. रिसीव्हर्सचा कोच सुचवू शकतो, ओरडून सांगू शकतो, आठवडाभर आराखडा रचण्यात त्याचा मोठा वाटा असू शकतो. पण शेवटचा शब्द त्याचा नसतो, आणि हरल्यावर पहिलं बोटही त्याच्याकडे जात नाही.

एन्समिंगर यांचीच कारकीर्द घ्या, ते या दोन कामांमध्ये मागे-पुढे होत राहिले. १९७० च्या दशकात ते एलएसयूचेच क्वार्टरबॅक होते. २०१६ च्या सप्टेंबरात हेड कोच लेस माइल्स यांना काढलं, तेव्हा हे टाइट एंड्सचे कोच होते. हंगामी हेड कोच झालेल्या एड ऑर्जेरॉन यांनी ऑफेन्स यांच्या हाती दिला आणि पहिल्याच सामन्यात मिझुरीला ४२-७ असं हरवलं. तरी २०१७ साठी मॅट कॅनडा यांना बाहेरून आणलं आणि एन्समिंगर मुकाट्याने टाइट एंड्सकडे परत गेले. २०१८ मध्ये पुन्हा कोऑर्डिनेटर. खुर्ची गेल्यावरही त्याच स्टाफमध्ये राबणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांचं नाव गाळलेलं खपत नाही.

२८ डिसेंबर २०१९ रोजी ओक्लाहोमाविरुद्ध पीच बोल, म्हणजे प्लेऑफची उपांत्य लढत होती. सामन्याच्या काही तास आधी एन्समिंगर यांची सून विमान अपघातात गेली. बातमी कळल्यावरही ते प्रेस बॉक्समधल्या आपल्या जागी बसले आणि काम केलं. पहिल्या अर्ध्यातच क्वार्टरबॅक जो बरोने सात टचडाउन पास फेकले. सामना ६३-२८.

ब्रेडीचं श्रेय कमी करायचं नाही. पेन स्टेटमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट, मग एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्समध्ये दोन हंगाम, आणि तिथला पासिंगचा विचार घेऊन तो बॅटन रूजला, म्हणजे एलएसयूला, आला. उत्कृष्ट असिस्टंट कोचसाठीचं ब्रॉयल्स अवॉर्ड त्या वर्षी त्यालाच मिळालं, ते योग्यच होतं. पण ‘ब्रेडी गेला आणि २०२० मध्ये एलएसयू ५-५ वर आली, म्हणजे सगळं त्याचंच होतं’ हा युक्तिवाद मला पटत नाही. त्या उन्हाळ्याआधीच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, एलएसयूचे १४ खेळाडू गेले, बरो तर पहिल्याच क्रमांकावर. एवढं गेल्यावर कोणता स्टाफ तग धरेल?

पदांच्या नावांनी घोळ आणखी वाढवलाय. ‘को-कोऑर्डिनेटर’, ‘रन गेम कोऑर्डिनेटर’, ‘असिस्टंट हेड कोच’ ही नावं पुष्कळदा चांगला पोझिशन कोच दुसऱ्या कॉलेजने पळवू नये म्हणून, पगारवाढीसोबत दिली जातात. ‘रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर’चा तर प्ले सांगण्याशी संबंधच नाही. उलटंही घडतं. टेक्ससमध्ये काइल फ्लड यांचं पद ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, पण प्ले सांगतात हेड कोच स्टीव्ह सार्किसियन स्वतः. म्हणून नवी नेमणूक झाली की मी एकच प्रश्न विचारते: प्ले कोण सांगणार?

ग्रॅज्युएट असिस्टंट आणि ॲनॅलिस्ट यांचं थोडक्यात. पहिला मास्टर्स करता करता पडेल ते काम करतो. पुढे अलाबामाचे गाजलेले हेड कोच झालेले निक सेबन यांची सुरुवात १९७३ मध्ये केंट स्टेटला अशीच झाली. दुसरा पडद्यामागे फिल्म तपासतो. जून २०२४ पर्यंत ॲनॅलिस्टला मैदानात खेळाडूंना शिकवायची मुभा नव्हती, आता आहे.

हेड कोच व्हायचं तर वाट सहसा कोऑर्डिनेटरच्या खुर्चीतून जाते. एलएसयूचे तेव्हाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा यांचा करार वर्षाला २५ लाख डॉलरचा होता आणि विजेतेपदानंतर लगेच ते बेलरचे हेड कोच झाले. डॅबो स्विनी यांचं उदाहरण लोक लगेच पुढे करतात: २००८ मध्ये क्लेमसनने रिसीव्हर्सच्या कोचलाच थेट हेड कोच केलं. खरं आहे, पण तो अपवाद आहे. आणि कोऑर्डिनेटरपद म्हणजे नुसती पायरी, असंही सगळ्यांचं नसतं. बड फॉस्टर १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेकला लाइनबॅकर्सचे कोच म्हणून आले, नव्वदच्या दशकाच्या मध्यात डिफेन्स त्यांच्याकडे आला, आणि २०१९ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले, तेही डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणूनच.