मशीन घेऊन मायनिंग की क्लाउड मायनिंग? पैसे भरायच्या आधी फरक बघा

"मायनिंग सुरू करायचंय, किती लागतील?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, मशीन घेणारेस की प्लॅन? कारण या दोन गोष्टींचा आपसात संबंध फार कमी आहे आणि नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

मायनिंग म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्याच्या व्यवहारांची नोंद करायला लागणारी गणितं मशीनने सोडवायची आणि बक्षीस म्हणून नवीन नाणी मिळवायची. पहिल्या प्रकारात मशीन आपलं, वीज आपली, निघेल तेवढं आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटात. दुसऱ्यात वेबसाइटवर नाहीतर अॅपवर पैसे भरायचे, ते सांगणार आमची मशीन अमुक देशात चालू आहेत, त्यातले इतके टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे लाख कोटी गणितं) तुमच्या नावावर, रोजचा वाटा जमा होत राहील. स्क्रीनवर दोन्हीकडे तेच दिसतं, हॅशरेट (गणितं करायचा वेग), ग्राफ, आजची कमाई. त्यामुळे वाटतं की क्लाउड म्हणजे त्याच कामाचा बिनकटकटीचा मार्ग.

आधी खऱ्या मायनिंगचा हिशोब घालू, कारण तो एकदा समजला की दुसऱ्याची थाप आपोआप पकडता येते. बिटकॉइनमध्ये साधारण दर 10 मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, सापडतो आणि एप्रिल 2024 च्या हाविंगनंतर (बक्षीस निम्मं होतं त्याला हाविंग म्हणतात) त्याचं बक्षीस 3.125 बिटकॉइन आहे. म्हणजे दिवसाला 144 ब्लॉक, जगातल्या सगळ्या मायनर्सना मिळून 450 बिटकॉइन आणि वर थोडी ट्रान्झॅक्शन फी. ज्याचा हॅशरेट जितका, तितका त्याचा वाटा. अँटमायनर एस21 हे मशीन सेकंदाला 200 टेराहॅश करतं, आणि 2025 मध्ये अख्खं नेटवर्क 1 झेटाहॅशच्या (100 कोटी टेराहॅशच्या) आसपास पोचलं, म्हणजे असली 50 लाख मशीन जोडल्यासारखं. तुमचा वाटा 50 लाखांत एक, रोजचे 0.00009 बिटकॉइन. बिटकॉइन 90 लाखांना धरला तर 810 रुपये.

आता वीज. हे मशीन 3,500 वॉट खातं, चोवीस तासांचे 84 युनिट, महिन्याला अडीच हजार युनिट. 10 रुपये युनिट धरलं तरी दिवसाचे 840 होतात आणि महावितरणचा 500 युनिटच्या वरचा घरगुती दर त्याहून बराच महाग आहे. म्हणजे मशीनची किंमत धरलीच नाही तरी रोज खिशातून जातात. शिवाय 230 व्होल्टला 3,500 वॉट म्हणजे 15 अँपिअरच्या वर, तेही रात्रंदिवस, त्यामुळे गीझरच्या प्लगला लावून द्यायचा विचार अजिबात करू नका, गीझर अर्धा तास चालतो आणि बंद होतो, हे बंद होत नाही. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि मंजूर लोड वाढवून घेणं आलंच. आवाज तर असा की फ्लॅटमध्ये शेजारी दुसऱ्या दिवशी दारात.

एवढं असूनही मी याला प्रामाणिक धंदा म्हणतो, कारण यातला प्रत्येक आकडा तुम्हाला तपासता येतो. मशीनच्या सेटिंगमध्ये पूलचा (अनेक मायनर्स मिळून काम करतात आणि बक्षीस वाटून घेतात तो गट) पत्ता, आपलं वॉलेट आणि वर्करचं, म्हणजे त्या मशीनचं, नाव टाकलं की काही मिनिटांत पूलच्या पानावर तो वर्कर दिसायला लागतो. प्लग काढा, ग्राफ खाली येतो. परत लावा, वर जातो.

क्लाउडमध्ये काढायला प्लगच नसतो. ऊस आपला आणि काटा कारखान्याचा असला की काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको, आणि इथे तर ऊस तरी आहे का हेही बघता येत नाही. हॅशफ्लेअरचंच बघा, एस्टोनियातली कंपनी, 2015 पासून जगभर कॉन्ट्रॅक्ट विकले, आणि विकलेल्या हॅशरेटएवढी मशीन त्यांच्याकडे नव्हतीच, डॅशबोर्डवरचे आकडे खोटे होते. दोन्ही संस्थापकांनी फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. आपल्याकडचं प्रकरण गेनबिटकॉइनचं. महिन्याला 10 टक्के, 18 महिने, तेही बिटकॉइनमध्ये, असं मायनिंगच्या नावाने सांगितलं गेलं, पुढे लोकांच्या हातात एमकॅप नावाचं त्यांचंच नाणं टेकवलं. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी ही योजना चालवणाऱ्या अमित भारद्वाजला अटक केली, नंतर तपास सीबीआयकडे गेला. आयुष्याची पुंजी घातलेली माणसं होती त्यात, म्हणून हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

खरं तर 10 टक्के ऐकल्याबरोबर थांबायला हवं. नेटवर्कची डिफिकल्टी (ब्लॉक शोधणं किती अवघड ते) दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी बदलते, भाव तर रोज बदलतो, मग महिन्याचा ठरलेला टक्का कुठून येणार? ठरलेला परतावा आणि वर माणसं जोडायचं कमिशन, हे दोन्ही एकत्र दिसलं की ते मायनिंग नाही.

सगळेच क्लाउडवाले चोर आहेत असं नाही. पण जे खरंच मशीन चालवतात तेही वीज आणि देखभालीची फी रोज कापतात, आणि कमाई फीच्या खाली गेली की कॉन्ट्रॅक्ट बंद करायची सोय अटींमध्ये असते. 2018 मध्ये भाव पडल्यावर जेनेसिस मायनिंगने तसे तोट्यातले कॉन्ट्रॅक्ट बंद करायला घेतलेच होते. होस्टिंग मात्र वेगळं, तिथे सिरियल नंबरसकट मशीन तुमचं असतं, फक्त जागा आणि वीज दुसऱ्याची, आणि पूलचं खातं तुमच्याच हातात राहतं. ते हातात नसेल तर त्याला होस्टिंग म्हणू नका.

टॅक्सचंही आधीच बघून ठेवा. क्रिप्टोच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून सरसकट 30 टक्के, आणि मायनिंगच्या मशीनरीवरचा खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा करता येणार नाही असं सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितलंय.

मग सुरुवात कशी करायची? शिकायचंच असेल तर मोनेरो नावाच्या दुसऱ्या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग करून बघा, ते साध्या कॉम्प्युटरच्या सीपीयूवर निघतं. त्यासाठी लागणारं एक्सएमरिग हे सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा, अँटिव्हायरस ओरडेल कारण चोरून मायनिंग करणारेही हेच वापरतात, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तर मुळीच चालवू नका. एखाद्या पूलला जोडून रात्रभर सोडा. बिटकॉइनच हवा असेल तर बिटअॅक्स नावाचं तळहाताएवढं मशीन मिळतं, एक-सव्वा टेराहॅश, 15-20 वॉट. त्यातून ब्लॉक लागणं म्हणजे लॉटरीच, पण पूल, वर्कर, शेअर (केलेल्या कामाचा पूलला पाठवलेला पुरावा), डिफिकल्टी हे सगळं डोळ्यासमोर घडतं आणि विजेच्या बिलात फारसा फरक पडत नाही.