युती पाहावी ती आठवडाभर

21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी पुण्याच्या नैऋत्य आकाशात गुरू आणि शनी एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दिसत होते. दोघांमधलं अंतर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जेमतेम पाचवा भाग होतं. साध्या दुर्बिणीतून गुरूचे चंद्र आणि शनीची कडी एकाच वेळी दिसत होती. ही जोडी इतकी जवळ त्याआधी 1623 मध्ये आली होती, पण तेव्हा ती सूर्याच्या प्रकाशात हरवलेली. रात्रीच्या आकाशात नीट दिसण्यासारखी अशी युती शोधायची तर थेट 1226 पर्यंत मागे जावं लागतं.

प्रत्यक्षात त्या संध्याकाळी गुरू आपल्यापासून सुमारे 89 कोटी किलोमीटरवर होता आणि शनी 162 कोटींवर. पर्वतीवरून नैऋत्येला पाहताना सिंहगड रस्त्यावरच्या इमारतीचा दिवा आणि खूप मागचा सिंहगडाचा दिवा शेजारी दिसावा, तसं हे. गुरूचा जो प्रकाश डोळ्यांत शिरत होता तो 49 मिनिटांपूर्वी निघालेला, शनीचा दीड तासापूर्वी. युतीतलं हे खोल अंतर मनात धरून पाहिलं की तिची मजा कितीतरी वाढते.

युती म्हटलं की आपण एक तारीख लक्षात ठेवतो, त्या दिवशी गच्चीवर जातो आणि नेमके ढग आले की हळहळतो. माझं आग्रहाचं सांगणं असं की आठवडाभर आधीपासून पाहा. हात पुढे ताणला की करंगळीची रुंदी साधारण एक अंश झाकते, मूठ दहा अंश. 2023 च्या फेब्रुवारीत शुक्र गुरूकडे रोज जवळपास एक करंगळी सरकत होता. 22 तारखेला चंद्रकोर त्यांच्या शेजारून गेली, आणि 1 मार्चला दोघांत चंद्रबिंबाएवढीच जागा उरली. ग्रह चालतात हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि करंगळीने मोजणं वेगळं.

2025 च्या जानेवारीत ‘ग्रह एका रांगेत’ असे संदेश फोनवर फिरले. ग्रह तर कायमच एका पट्ट्यात असतात. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चपट्या तबकडीतून ते घडले, आणि पृथ्वीही त्याच तबकडीत असल्याने आपल्याला तिची कडा दिसते. तिलाच क्रांतिवृत्त म्हणतात. कमी वेळा घडतं ते इतकंच, की बरेच ग्रह एकाच संध्याकाळी क्षितिजाच्या वर असतात. कक्षा थोड्या थोड्या कललेल्या आहेत (गुरूची 1.3 अंश, शनीची 2.5, बुधाची 7), त्यामुळे सगळे अगदी सरळ रेषेत कधीच येत नाहीत.

1962 च्या फेब्रुवारीत मकर राशीतल्या अष्टग्रहीने देशभर घबराट उडाली होती, यज्ञ झाले होते. काहीही घडलं नाही. घडणारही नव्हतं: शुक्र सर्वांत जवळ असतानाही त्याचं भरती-ओहोटी घडवणारं बल चंद्राच्या दहा हजाराव्या भागाहून कमी भरतं.

पुणेकरांना एक देणगी आहे. आपण 18.5 अक्षांशावर असल्याने क्रांतिवृत्त क्षितिजाशी 48 अंशांपेक्षा कमी कोन कधीच करत नाही. लंडनमध्ये तो 15 अंशांपर्यंत उतरतो. पट्टा जितका उभा, तितके सूर्याजवळचे ग्रह क्षितिजापासून उंच दिसतात. त्यामुळे क्षितिजालगत घुटमळणारा बुधसुद्धा वेताळ टेकडीसारख्या मोकळ्या जागेवरून सापडतो. सोबत हवी असेल तर 1944 पासून आकाशवेड जोपासणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था शहरातच आहे.

गुरू-शनीची पुढची युती 2040 च्या ऑक्टोबरअखेरीस, पण एक अंशाहून थोडी जास्त अंतराची. मला त्याच वर्षीच्या 8 सप्टेंबरची ओढ जास्त आहे. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी असे पाचही जण सूर्यास्तानंतर पश्चिमेला एका मुठीत मावतील, शिवाय चंद्रकोर. पावसाळा पुरता सरलेला नसेल, म्हणून पाहायला ऑगस्टपासूनच सुरुवात करावी.